दोन जिवांचे औषध

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, पण आठव्या महिन्यात जन्मलेले जगत नाही, असा एक समज मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गर्भारपणाचा आठवा महिना लागला की घरातील वडीलधाऱ्या बायका सुनेला जपू लागतात आणि नववा लागेपर्यंत त्यांचा जीव खालीवर होत असतो. ही काळजी खरी असली तरी समज मात्र खरा नाही. सातव्या महिन्यातील मुलापेक्षा आठव्या महिन्यातील मूल तगण्याचा संभव पुष्कळच अधिक असतो, कारण आईच्या उदरात काढलेला प्रत्येक आठवडा त्याच्या फुप्फुसांना बळकटी आणीत असतो. हा उलटा हिशेब लोकांच्या मनात कसा रुजला असावा? सातमाशी मूल जगले म्हणजे ते एक नवल ठरते आणि गावभर त्याची आठवण राहते. अठमाशी मूल गेले म्हणजे त्या दुःखाला काही तरी कारण शोधावे लागते. कारण म्हणून मग महिन्यालाच दोष मिळतो.

असे दिवस न भरता जन्मलेले मूल दगावते ते बहुधा श्वासावाचून. ते रडण्याचा यत्न करते, छाती आत खेचली जाते, नाकपुड्या फुलतात, ओठ निळसर होतात आणि काही तासांत ते थकून जाते. या मुलाला जन्मापूर्वीच, आईच्या शरीरातून, श्वासाची तयारी करून देणारे एक औषध गेल्या अर्धशतकात वैद्यकाला सापडले आहे. औषध स्वस्त आहे, जुने आहे आणि जवळजवळ सर्वत्र मिळते. परंतु आईला मधुमेह असेल तर हेच औषध एका जिवाला तारीत असता दुसऱ्याची कसोटी पाहते. ‘दोन जिवांची’ हा आपल्या भाषेतील शब्द गर्भवतीला इतक्या अक्षरशः क्वचितच लागू पडत असेल.

या प्रश्नाचा विचार तंजावरच्या संदर्भात करण्यास एक विशेष कारण आहे. एकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि १८५५ साली ते खालसा झाले. त्या राजवंशातील सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे विद्येचे, आणि त्यातही वैद्यकाचे, मोठे व्यासंगी होते. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांच्या काळी जे वैभव आले ते सर्वश्रुत आहे. त्या मानाने त्यांच्या धन्वंतरी महालाची माहिती महाराष्ट्रात फारशी नाही. तेथे निरनिराळ्या परंपरांतील वैद्य औषधे तयार करीत, ती रोग्यांना देऊन त्यांचा गुण पाहत, आणि ज्यांचा अनुभव आला त्यांची नोंद ठेवीत. नेत्ररोग्यांच्या शस्त्रक्रियांची टिपणे तर डोळ्यांच्या चित्रांसह जपून ठेवलेली आहेत. अनुभवाला आलेले हे उपचार दरबारातील विद्वानांनी तमिळ पद्यात बांधले. ते ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ या नावाने ओळखले जातात, आणि विसाव्या शतकात सरस्वती महालाने ते भागाभागांनी छापून काढले. त्यांतील एक भाग मधुमेहाच्या चिकित्सेचा आहे. तमिळ भाषेत या रोगाला ‘नीरिळिवु’, म्हणजे शरीरातील पाण्याची हानी, असे म्हणतात. दुसरा एक भाग गर्भिणीच्या आणि बालकांच्या व्याधींचा आहे. दोन्ही भाग एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवता येतील. परंतु ज्या स्त्रीला दोन्हींची एकाच वेळी गरज पडावी अशी स्त्री त्या काळात विरळाच असणार. आज ती विरळा राहिलेली नाही.

गर्भवतीची वास्तपुस्त ही तंजावरला नवी गोष्ट नव्हे. रामेश्वराच्या वाटेवर भोसले घराण्याने जी छत्रे, म्हणजे धर्मशाळा, बांधली, त्यांविषयी सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटाला एक पत्र लिहिले होते. जातीपातीचा भेद न करता यात्रेकरूंना अन्न मिळते, आजाऱ्यांना वैद्य आणि औषध मिळते, वाटेत अडलेल्या गर्भवतीची आणि बाळंतिणीची काळजी घेतली जाते, असे त्यांनी त्यात सांगितले आहे; आणि ही व्यवस्था कंपनी सरकारने मोडू नये अशी त्यांची तळमळ त्यातून दिसते. पुढल्याच वर्षाच्या सुमारास ओरत्तनाडू येथे मुक्तांबेच्या नावाने छत्र उभे राहिले. शहरात पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा मिरासदार इस्पितळ निघाले. ते कोणाच्या दानातून उभे राहिले हे त्याच्या नावातच आले आहे. तंजावरला १९५९ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. आज हे जुने सरकारी इस्पितळ त्याला जोडलेले असून प्रसूती आणि बालरोग हे विभाग तेथे चालतात. कावेरीच्या मुखाकडील खेड्यापाड्यांतून अडलेल्या बायका तेथे येतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. फुप्फुस म्हणजे हवेच्या असंख्य सूक्ष्म कोशांचा पुंजका होय. प्रत्येक कोशाच्या आतील बाजूस ओलावा असतो, आणि ओलाव्याचा धर्म असा की तो आकसू पाहतो. पाण्याचा थेंब गोल होतो तो याच ओढीने. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर हे कोश मिटून एकमेकांस चिकटले असते आणि प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा झाला असता. तसे होत नाही, कारण कोशांच्या भित्तिकांतील काही पेशी एक स्निग्ध द्रव्य स्रवत असतात आणि त्याचा पातळ थर ही ओढ मोडतो. गर्भाच्या फुप्फुसात हे द्रव्य साधारण चोविसाव्या आठवड्यापासून तयार होऊ लागते; पुरेसे होण्यास पस्तिसावा आठवडा उजाडतो. म्हणून तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाची फुप्फुसे आकाराने झालेली असतात, पण आतून तेल न घातलेल्या यंत्रासारखी असतात. मेरी एलेन ॲव्हरी या अमेरिकन स्त्रीवैद्याने आपले सहकारी जेरे मीड यांच्यासह १९५९ साली हे दाखवून दिले. त्याच्या आधी या मुलांच्या मृत्यूचे खरे कारण नीटसे कोणालाच कळले नव्हते. ऑगस्ट १९६३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पुत्र सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि अवघ्या एकोणचाळीस तासांत याच विकाराने गेला. जगातील सर्वांत समर्थ राष्ट्राच्या अध्यक्षालाही आपल्या मुलासाठी काही करता आले नाही.

ज्या औषधाने हे चित्र पालटले ते शोधायला कोणी निघाले नव्हते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील ग्रॅहॅम लिगिन्स हे प्रसूतिवैद्य निराळ्याच कोड्याच्या मागे होते. प्रसूतीची वेळ ठरवतो कोण, आई की गर्भ? मेंढीच्या गर्भाला त्यांनी कॉर्टिसोलच्या जातीची द्रव्ये टोचली आणि मेंढी दिवसांआधी व्याली. गर्भच आपली वेळ ठरवतो, हे उत्तर त्यातून मिळाले. पण त्याहून मोठी गोष्ट त्या गोठ्यात घडली. दिवस भरायला सुमारे महिना शिल्लक असताना जन्मलेले एक कोकरू श्वास घेत होते. इतक्या कोवळ्या कोकराने श्वास घेऊच नये! ते गेल्यावर त्याची फुप्फुसे उघडून पाहिली, तेव्हा त्यांत हवा भरलेली आढळली. टोचलेल्या द्रव्याने फुप्फुसांना घाईने पक्व केले होते, हा तर्क लिगिन्स यांनी १९६९ साली मांडला.

मग बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांच्यासह त्यांनी तोच प्रयोग ऑकलंडच्या इस्पितळात गर्भवती स्त्रियांवर, अर्थात अत्यंत सावधपणे, केला. अकाली कळा आलेल्या स्त्रियांपैकी काहींना बीटामेथासोन हे स्टेरॉइड टोचले आणि काहींना परिणामशून्य सुई दिली. १९७२ साली २८२ मातांचा हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. अनपेक्षित अकाली प्रसूतीच्या गटात स्टेरॉइड मिळालेल्या मुलांपैकी ९ टक्क्यांना श्वसनविकार झाला, तर न मिळालेल्यांपैकी जवळजवळ २६ टक्क्यांना. पहिल्या आठवड्यातील मृत्यू १५ टक्क्यांवरून सुमारे ३ टक्क्यांवर आले. इतका स्पष्ट निष्कर्ष हाती असूनही हे औषध सर्वत्र रूढ व्हायला आणखी वीस वर्षे जावी लागली, ही वैद्यकाच्या इतिहासातील एक लाजिरवाणी गोष्ट म्हटली पाहिजे. वैद्यकीय पुराव्यांची एकत्र छाननी करणारी कॉक्रेन ही संस्था १९९३ साली स्थापन झाली. तिने आपल्या बोधचिन्हात याच उपचाराच्या चाचण्यांची आकृती घेतली आहे, ती जणू त्या दिरंगाईची खूण म्हणूनच. अमेरिकेतील तज्ज्ञ परिषदेने १९९४ साली या उपचाराची निःसंदिग्ध शिफारस केली, आणि त्यानंतर तो जगभर पसरला.

औषधाची रीत साधी आहे. बीटामेथासोनची १२ मिलिग्रॅमची सुई चोवीस तासांच्या अंतराने दोनदा, किंवा डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची सुई बारा तासांच्या अंतराने चारदा, स्नायूत टोचावयाची. भारत सरकारने २०१४ साली जी मार्गदर्शिका काढली तिच्यात डेक्सामेथासोन निवडले आहे, आणि चोविसाव्यापासून चौतिसाव्या आठवड्यापर्यंतच्या अकाली कळांत पहिली सुई खेड्यातील परिचारिकेनेही देऊन मग स्त्रीला मोठ्या इस्पितळाकडे पाठवावे असे म्हटले आहे. स्टेरॉइडे पुष्कळ आहेत. मग ही दोनच का? याचे उत्तर वारेत आहे. प्रेडनिसोलोनसारखे औषध आईला दिले तर वार त्याचा बहुतेक भाग वाटेतच निकामी करते. ही दोन मात्र वार ओलांडून मुलापर्यंत पोचतात.

मात्र ती आईच्याही शरीरात राहतातच, आणि मधुमेही स्त्रीची अडचण येथून सुरू होते. १९२१-२२ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला. त्यापूर्वी मधुमेही स्त्रीला दिवस जाणे हे दुर्मिळ आणि बहुधा जिवावरचे संकट असे. इन्सुलिनमुळे माता वाचू लागल्या, पण मुले वाचेनात. काही पोटातच जात, आणि तीही अगदी अखेरच्या आठवड्यांत. बॉस्टनमध्ये प्रिसिला व्हाइट यांनी अशा मातांच्या सेवेत आपली हयात घालवली. त्या काळी उपाय एकच होता, तो म्हणजे मूल पोटात जाण्याआधीच प्रसूती घडवून आणणे. परंतु आधी जन्मलेले मूल श्वासासाठी तडफडे. पोटात ठेवावे तरी भीती, बाहेर काढावे तरी भीती, अशा कात्रीत वैद्य सापडले होते.

ही मुले दिसायला मोठी, गुटगुटीत, वजनदार असत. तरी त्यांची फुप्फुसे कच्ची कशी? याचा उलगडा कोपनहेगनच्या यर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या उपपत्तीतून होऊ लागला. आईच्या रक्तातील साखर वार ओलांडून गर्भाकडे जाते. आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे त्या अतिरिक्त साखरेला तोंड देण्यासाठी गर्भाचे स्वतःचे स्वादुपिंड अहोरात्र राबून इन्सुलिन ओतू लागते. त्या इन्सुलिनाने अंगावर चरबी चढते. आणि हेच इन्सुलिन फुप्फुसाच्या पक्वतेच्या आड येते. सशाच्या गर्भाच्या पेशींवरील १९७५ सालच्या प्रयोगांत असे दिसले, की कॉर्टिसोलने सुरू केलेली त्या स्निग्ध द्रव्याची निर्मिती इन्सुलिनने रोखली जाते. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या प्रसूतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भाचे वय आणि इतर गोष्टी सारख्या धरल्या, तरी मधुमेही मातांच्या मुलांत हा श्वसनविकार इतरांच्या साडेपाच पटींहून अधिक आढळला. या दोन्ही अभ्यासांत त्याच मेरी एलेन ॲव्हरी यांचा हात होता. आज साखर ताब्यात ठेवण्याची साधने सुधारल्यामुळे हे अंतर पुष्कळ कमी झाले आहे. पण जेथे साखर मोकाट असते तेथे ते अजूनही दिसते.

यातील गुंता लक्षात घेण्यासारखा आहे. श्वासाच्या औषधाची गरज या मातेच्या मुलाला इतरांपेक्षा काकणभर अधिकच. पण औषध मिळाल्यावर आईची साखर वाढते, साखर वाढली की गर्भाचे इन्सुलिन वाढते, आणि इन्सुलिन वाढले की औषधाचाच गुण कमी होण्याची शक्यता. औषधाच्या एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, तसे हे आहे. त्यातून अशी चमत्कारिक परिस्थिती की, ज्या चाचण्यांवर या उपचाराची सारी इमारत उभी आहे त्यांतील बहुतेकांनी इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रियांना बाजूला ठेवले होते. त्यांच्यामुळे निष्कर्ष गढूळ होतील, ही भीती संशोधकांच्या दृष्टीने रास्त होती; पण तिच्यामुळे, जिला उत्तराची सर्वांत निकड होती तिच्यासाठीच उत्तर शिल्लक राहिले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मधुमेही मातांनाही हा उपचार द्यावा, मात्र साखरेचा बंदोबस्त करूनच द्यावा, अशी शिफारस केली. तिच्यामागे या मातांवरील थेट पुराव्यापेक्षा इतर मातांच्या पुराव्यावरून केलेले अनुमान अधिक आहे. अनुमान समंजस आहे, यात शंका नाही.

प्रत्यक्षात काय घडते हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. ओरत्तनाडूजवळच्या खेड्यातील एक स्त्री एकतिसाव्या आठवड्यात पाणमोट फुटून तंजावरच्या इस्पितळात आली आहे, आणि तिला रोज ४० युनिट इन्सुलिन लागते, असे समजा. तिच्यापाशी वेळ थोडा आहे. स्टेरॉइडाचा गुण चोवीस तासांनंतर चांगला दिसू लागतो आणि साधारण आठवडाभर टिकतो. प्रसूती त्या मुदतीत झाली तर लाभ सर्वाधिक. पहिली सुई संध्याकाळी दिली तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिच्या यकृतातून साखर अधिक ओतली जाऊ लागते, आणि स्नायूंवर इन्सुलिनचा अंमल ढिला पडतो. हा परिणाम बहुधा पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळतो. डेन्मार्कमधील वैद्यांनी २००२ साली यासाठी एक आगाऊ योजना प्रसिद्ध केली. साखर चढल्यावर धावपळ करावयाची नाही. ती चढणारच हे धरून इन्सुलिन आधीच वाढवावयाचे. पहिल्या रात्री पाव हिश्शाने, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी ४० टक्क्यांनी, चौथ्या दिवशी २० टक्क्यांनी, आणि पाचव्या दिवशी त्याहूनही कमी. म्हणजे आपल्या उदाहरणातील स्त्रीची ४० युनिटे दुसऱ्या दिवशी ५६ होतील आणि आठवडा संपता संपता ती मूळपदावर येतील. कोपनहेगनचा तंजावरशी संबंध तसा जुनाच आहे. तरंगंबाडीची डॅनिश वखार १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडूनच मिळालेल्या जमिनीवर उभी राहिली होती. त्या वखारीतून तेव्हा मिरी जात असे. आता तिकडून इन्सुलिनचे हिशेब येतात.

हा हिशेब कागदावर सोपा दिसतो. पण त्यासाठी रात्री-बेरात्री दर दोन-चार तासांनी बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेणारी परिचारिका हवी, तिच्याजवळ चाचणीच्या पट्ट्या हव्यात, आणि आकडा पाहून इन्सुलिनची मात्रा बदलणारा कोणी जागा हवा. मधुमेह लहानपणापासून जडलेला असेल आणि इन्सुलिन अपुरे पडले, तर रक्त आम्लधर्मी होऊन आई काही तासांत अत्यवस्थ होऊ शकते, आणि अशा वेळी गर्भ आईपेक्षाही आधी जाण्याचा धोका असतो. कळा थोपवण्याची काही जुनी औषधेही साखर वाढवणारीच आहेत. म्हणून जाणते वैद्य या स्त्रीला ती देण्याचे टाळतात आणि दुसरी निवडतात. आणखी एक बारीकशी गोष्ट: ज्या गर्भवतीची मधुमेहाची तपासणी अद्याप झालेलीच नाही, तिची ती स्टेरॉइडाच्या सुईनंतरच्या आठवड्यात करू नये. औषधानेच चढलेली साखर पाहून निरोगी बाईवर मधुमेहाचा शिक्का बसावयाचा.

तपासणीच्या बाबतीत मात्र तमिळनाडूने देशाला वाट दाखवली आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी एक सुटसुटीत रीत रुजवली. गर्भवती उपाशी असो वा जेवून आलेली, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला द्यावे आणि दोन तासांनी एकदाच रक्त तपासावे. साखर १४० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक निघाली तर गर्भारपणातील मधुमेह समजावा. उपाशीपोटी पुन्हा यायला सांगितलेली खेड्यातील बाई पुन्हा येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तमिळनाडूच्या शहरांत १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ टक्के आणि ग्रामीण भागात ९.९ टक्के गर्भवतींना हा विकार आढळला. भाताच्या खाचरांत दिवसभर राबणाऱ्या बाईला मधुमेह कोठला, असे म्हणणाऱ्यांना शेवटचा आकडा पुरेसा बोलका आहे. राज्य सरकारने २००७ पासून ही तपासणी सर्व गर्भवतींसाठी आवश्यक ठरवली.

येथवर वाचून असे वाटेल, की सुई लवकर द्यावी, सर्वांना द्यावी, म्हणजे झाले. या समजुतीला एक मोठा धक्का बसला, आणि त्यात मराठी मुलखाचाही वाटा आहे. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत या सहा देशांत खेड्यापाड्यांतून हे औषध सर्रास उपलब्ध करून दिले तर काय होईल, हे पाहण्यासाठी एक विस्तीर्ण चाचणी झाली. भारतातील तिची ठिकाणे बेळगाव आणि नागपूर ही होती. सुमारे एक लाख प्रसूतींचा हा वृत्तान्त २०१५ साली आला. जेथे औषध पसरवले तेथे अगदी लहान मुलांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू तर हजारी साडेतीनने वाढले. असे कसे झाले? सुई मिळालेल्या बहुतेक स्त्रिया अकाली प्रसूत झाल्याच नाहीत. गर्भाचे वय अदमासाने धरले होते, आणि पुष्कळांना ती विनाकारण मिळाली. शिवाय स्टेरॉइडाने जंतुसंसर्गाला वाव मिळतो. मातांमधील संसर्गाचे प्रमाणही वाढलेले आढळले.

या निकालाने जगभरचे वैद्य संभ्रमात पडले. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने दुसरी चाचणी हाती घेतली. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील निवडक इस्पितळांत, गर्भाचे वय सोनोग्राफीने पक्के करून, आणि नवजात अर्भकांच्या शुश्रूषेची सोय असेल तेथेच डेक्सामेथासोन दिले. या कामातही बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय होते. २,८५२ स्त्रिया झाल्यावर लाभ इतका स्पष्ट दिसला, की चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले होते. औषध तेच आणि देशही पुष्कळसे तेच. फरक होता तो दिवस नीट मोजण्यात आणि जन्मानंतर मुलाला सांभाळण्यात. मधुमेही मातेच्या बाबतीत या दोहोंना साखरेची राखण ही तिसरी गोष्ट जोडावी लागते.

चौतिसाव्या आठवड्यानंतर काय करावे, हा वाद अद्याप मिटलेला नाही. अमेरिकेतील २०१६ सालच्या एका मोठ्या चाचणीत चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या प्रसूतींतही स्टेरॉइडाने मुलांचा श्वसनाचा त्रास काहीसा कमी झाला; पण जन्मल्यावर साखर एकदम उतरण्याचा प्रकार १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला. गर्भारपणाच्या आधीपासून मधुमेह असलेल्या मातांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते. त्यांच्या मुलांना तर हा धोका मुळातच अधिक. नऊ महिने साखरेच्या पुरात वाढलेल्या मुलाचे स्वादुपिंड नाळ कापल्याबरोबर थांबत नाही. पूर ओसरतो, इन्सुलिन मात्र ओतणे चालूच राहते, आणि मेंदूला लागणारी साखर काही तासांत तळाला जाऊ शकते. श्वासाचा थोडा लाभ आणि साखरेचा हा धोका यांचे माप चौतिसाव्या आठवड्यापूर्वी निःसंशय श्वासाच्या बाजूला झुकते. त्यानंतर ते डळमळते, आणि या स्त्रियांना सरसकट सुई देण्याची घाई करू नये, हे मत आज तरी अधिक सुज्ञपणाचे दिसते.

म्हणून अशा मुलाला जन्मतःच, शक्य तर पहिल्या तासातच, आईचे दूध पाजतात, आणि पहिले काही तास ठरावीक अंतराने त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहतात. दूध पुरेसे झाले नाही तर शिरेतून ग्लुकोज देतात. इकडे आईचे वाढवलेले इन्सुलिन प्रसूतीनंतर झपाट्याने खाली आणावे लागते, कारण वार पडली की तिच्या शरीराची इन्सुलिनची गरज एकाएकी उतरते. गर्भारपणातच मधुमेह झालेल्या बहुतेक स्त्रियांना मग ते लागतही नाही. सहा आठवड्यांनी मुलाला लस टोचायला आणले जाते. त्याच दिवशी आईलाही पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी प्यायला देऊन दोन तास बसवून ठेवावे लागते. आणि मूल बरे आहे, आता माझे काय काम, असे म्हणून ती उठून जाऊ लागली, तर तिला थांबवावे लागते.